जुनी छायाचित्रे : घरी उतरवावी की कारागिराकडे द्यावी?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त दारव्ह्यातील घराघरांतून जुनी छायाचित्रे गोळा करावी, त्यांच्या प्रती संगणकावर उतरवून घ्याव्या आणि मूळ चित्रे ज्यांची त्यांना परत करावी, ही सूचना पुढे आली तेव्हा ती सर्वांनाच पसंत पडली. मग खर्चाची गोष्ट निघाली आणि तत्क्षणी दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, हातोहाती मोबाईल आहेत, एकदोघींच्या घरी स्कॅनर आहे. मग पैसे देऊन घरची चित्रे परक्याच्या हाती का द्यावी? दुसरा पक्ष म्हणे, ज्याचे काम त्यानेच करावे. हौसेने शिवलेले पोलके आणि शिंप्याने शिवलेले पोलके यांत फरक राहतोच. चहा निवला, वाद काही निवला नाही.

या वादात कोणाची बाजू घ्यावी हे सांगण्यापूर्वी वाचक भगिनींना थोडे मागे नेण्याची परवानगी मागते. घरी करावे की कारागिराकडे द्यावे हा प्रश्न छायाचित्राच्या पाठीस जन्मापासून लागलेला आहे. तो वेळोवेळी कसा सुटला हे ठाऊक असेल, तर आपल्या ट्रंकेतील कोणते चित्र कोणाच्या हाती द्यावे हे ठरविणे सोपे जाते.

छायाचित्रणाची विद्या जगापुढे जाहीर झाली ती १८३९ साली, पॅरिस शहरी. आपल्याकडे ती फार उशिरा आली असे मात्र नव्हे. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीचे सभासद आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. परंतु ही हौस सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातील नव्हती. १८५१ नंतर जी रीत रूढ झाली तीत काचेच्या तावदानावर कोलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ते चांदीच्या क्षारात बुडवावयाचे, आणि थर ओला आहे तोवरच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन ते धुऊनही काढावयाचे. यासाठी छायाचित्रकार अंधारा तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी घेऊन हिंडे. उन्हाळ्यात आपल्या वऱ्हाडातील उन्हात हा ओला थर किती वेळ ओला राहत असेल याची कल्पना करावी! अशा स्थितीत घरी करावे की कारागिराकडे द्यावे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. कारागीर हाच एक मार्ग होता.

त्या काळची चित्रे छापीत ती पातळ कागदावर, आणि त्या कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे. मग तो कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवीत. तपकिरी झाक असलेली, कडेने पिवळट पडलेली, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत स्टुडिओचे नाव असलेली चित्रे कोणाच्या घरी असतील तर ती बहुधा याच जातीची होत. एकादशी कधी न चुकविणाऱ्या किती आजीबाई आज अंड्याच्या बलकावर विराजमान झालेल्या आहेत, हे त्यांना कळते तर त्यांनी तो फोटो देवघराच्या भिंतीवर खासच टांगू दिला नसता.

बायकांची अडचण तर आणखी निराळी होती. परपुरुषासमोर तोंड उघडे ठेवून, तो सांगेल तशी मान वळवून निश्चल बसावयाचे, ही गोष्ट कित्येक घरांत अशक्यच मानली जाई. या अडचणीवर राजा दीनदयाळ यांनी तोड काढली. निजामाच्या दरबारी मान मिळविलेल्या या छायाचित्रकाराने १८९२ साली हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठी एक जनानी स्टुडिओ उघडला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. आत पुरुषास मज्जाव असे. आपला वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात असला तरी कागदोपत्री तो निजामाचाच मुलूख होता. तेव्हा ही सोय आपल्या सरकारच्या राजधानीत झाली असे म्हणावयास हरकत नाही! दारव्ह्याच्या कोणा बाई तेथवर गेल्या असतील असे मला वाटत नाही. परंतु कॅमेऱ्यामागे बाई उभी राहिली की कॅमेऱ्यापुढे बायका निर्धास्त बसतात, हे तेव्हाही कोणाच्या तरी ध्यानात आले होते, आणि आपल्या आजच्या प्रश्नासही ते लागू आहे. पुढे त्याविषयी बोलूच.

आपल्या भागात खरा पालट आगगाडीने केला. किलिक निक्सन कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. तिचा यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा अरुंद रुळांचा मार्ग दारव्ह्यावरून गेला. वऱ्हाडचा कापूस मुंबईस आणि तेथून मँचेस्टरला पोचविणे हा तिचा हेतू. पण गाठोडी नेणारी गाडी माणसेही नेते. मूर्तिजापुरास गाडी बदलली की अकोला, अमरावती, नागपूर ही मोठी गावे गाठता येत. लग्न ठरले, मुलगा मॅट्रिक झाला, की तेथील स्टुडिओत जाऊन फोटो काढवून घेण्याची सोय झाली. उलट दिशेने तिपाई, काळे फडके आणि गुंडाळलेला रंगीत पडदा घेऊन फिरता फोटोग्राफर गावी येई. त्या पडद्यावर संगमरवरी जिना, कारंजे, मोरांची बाग असे काही तरी रंगविलेले असे. आमच्याकडील कित्येक चित्रांत पायांत वहाण नसलेली मंडळी महालाच्या जिन्यापाशी उभी आहेत, ती या पडद्याची कृपा.

या गाडीला पुढे लोकांनी शकुंतला हे लाडके नाव दिले. तिचे वाफेचे एंजिन १९९४ च्या एप्रिलात काढले, डिझेलचे लावले, आणि पुढे गाडीच थांबली. मोतीबाग स्टेशनावर माहेरवाशिणीला पोचवावयास गेलेल्या मंडळींनी सहज काढलेला एखादा फोटो कोणाकडे असेल, आणि त्यात मागे धूर सोडणारे एंजिन दिसत असेल, तर तो आता केवळ त्या घराचा राहिला नाही, तो गावाच्या इतिहासाचा कागद झाला. घरच्या फोटोत आपण माणसे पाहतो. मागचा ओटा, पाण्याचा रांजण, दुकानाची पाटी, बैलगाडीचे चाक यांकडे पाहत नाही. इतिहास बहुधा तेथेच दडलेला असतो.

आता आपल्या वादाकडे वळू. कारागीर की घर हा प्रश्न खऱ्या अर्थाने प्रथम उभा राहिला तो १८८८ साली. त्या वर्षी अमेरिकेत कोडॅक नावाची एक लाकडी पेटी विकावयास आली. तीत शंभर चित्रांची गुंडाळी आतच भरलेली असे. पेटीची किंमत २५ डॉलर. चित्रे संपली की पेटी जशीच्या तशी रॉचेस्टर गावी कारखान्यात पाठवावयाची. तेथे १० डॉलरांत ती धुऊन, छापून, नवी गुंडाळी भरून परत येई. बारा वर्षांनी, १९०० साली, त्याच कंपनीचा ब्राउनी कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. यात बारकाई अशी की, कारखानदाराने कामाचे दोन तुकडे केले. काय टिपावयाचे, कोणाला टिपावयाचे, केव्हा टिपावयाचे हे घराकडे दिले. रसायनांची कटकट स्वतःकडे ठेवली. सर्वच घरी किंवा सर्वच बाहेर, असे भांडण त्याने लावलेच नाही.

हीच वाटणी पुढे आपल्याकडेही चालली. बडोद्यास जुळणी होणारा आगफा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा साठीनंतरच्या दशकांत मध्यम स्थितीतील घरांत दिसू लागला. एका रोळात बारा चौकोनी चित्रे. उटकमंडच्या सरकारी कारखान्याचे उत्पादन १९६७ साली सुरू झाले आणि इंदू नावाची देशी फिल्म बाजारात आली. वडील किंवा काका खटका दाबीत, रोळ स्टुडिओत जाई, आणि आठवड्याने कातरलेल्या कडांची लहान लहान चित्रे पिवळ्या पाकिटात घरी येत. त्या पाकिटातच निगेटिव्हच्या पट्ट्या असत. पुष्कळ घरांनी चित्रे अल्बममध्ये लावली आणि पट्ट्या केराच्या टोपलीत टाकल्या. ज्यांनी ठेवल्या असतील त्या भगिनींनी त्या जपून काढाव्या, कारण छापील चित्रापेक्षा निगेटिव्हमध्ये तपशील अधिक असतो.

चित्र संगणकात उतरविण्याची, म्हणजे स्कॅन करण्याची युक्तीही आपण समजतो तितकी नवी नाही. १९५७ साली अमेरिकेच्या सरकारी मापन संस्थेत रसेल कर्श नावाच्या शास्त्रज्ञाने पहिले छायाचित्र संगणकात उतरविले. ते कोणा राष्ट्राध्यक्षाचे नव्हते की रणगाड्याचेही नव्हते. ते त्याच्या तीन महिन्यांच्या मुलाचे होते! पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीचे ते लहानसे चित्र. त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके झाले. एका बापाने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो घेतला आणि यंत्रात घातला, येथून या विद्येचा प्रारंभ झाला. घरचे चित्र घरच्या माणसाने उतरवावे या पक्षाला एवढा आधार पुरेसा आहे.

तरीही सर्वच चित्रे घरी उतरवावी असे मी म्हणणार नाही. चित्राची जात पाहावी आणि मग हात लावावा.

सुटी, सपाट, पोस्टकार्डाएवढी किंवा त्याहून लहान चित्रे घरी करण्यास काहीच हरकत नाही, आणि बहुतेक घरांत संख्येने हीच अधिक असतात. सपाट काचेचा स्कॅनर त्यासाठी उत्तम. काच कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, हात धुऊन पुरते कोरडे करावे, चित्र कडेने धरावे. इंचाला ६०० ठिपके असे माप ठेवावे. सहा सेंटिमीटर रुंद व नऊ सेंटिमीटर उंच अशा चित्राचे या मापाने जवळजवळ ३० लाख ठिपके होतात, म्हणजे कर्शच्या बाळाच्या सुमारे शंभरपट. चित्र काळे-पांढरे असले तरी रंगीत म्हणूनच स्कॅन करावे, कारण डाग, पिवळेपणा, मागची जांभळी शाई हे सर्व रंगातच नीट दिसते. आणि मागची बाजू स्कॅन करण्यास विसरू नये. मजकूर तेथे असतो.

मोबाईलने करावयाचे तर फ्लॅश बंद ठेवावा. खिडकीपाशी, पण थेट ऊन न येईल अशा जागी, चित्र सपाट ठेवून मोबाईल अगदी समांतर धरावा. नाही तर आजोबांचे डोके मोठे आणि पाय लहान असा प्रकार होतो. मोबाईलचे काम घाईचे आहे, पण एखाद्या आजारी वृद्ध बाईंच्या घरी गेलो असता त्यांच्या समोर, त्यांच्या ट्रंकेतून काही बाहेर न नेता, चित्र टिपून घेण्यास त्याच्यासारखे साधन नाही.

काही चित्रांची गोष्ट मात्र वेगळी. आपल्या मंडळाचा जुना समूह-फोटो पाहा. दहा इंच रुंद व बारा इंच लांब, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला, पुठ्ठा मध्ये किंचित वाकलेला. घरगुती स्कॅनरची काच साडेआठ इंच रुंद व पावणेबारा इंच लांब. तो त्यावर मावतच नाही. अर्धा अर्धा करून जोडावा म्हटले तर वाकलेला पुठ्ठा काचेवर दाबावा लागतो, आणि जुना पुठ्ठा दाबला की कडाडकन मोडतो; त्याबरोबर वरचे चित्रही दुभंगते. अशा चित्रासाठी कॅमेरा वरून खाली रोखणारा स्टँड, दोन्ही बाजूंनी तिरपे पडणारे दिवे आणि सवयीचा हात हवा. तेथे पैसे खर्चावे.

दुसरी जात चौकटीतील. आपल्याकडे फोटो भिंतीवर टांगण्याची पद्धत, आणि पावसाळ्यात भिंती ओलावणार. मध्ये पोकळी न ठेवता काच थेट चित्रावर बसविलेली असेल, तर ओलाव्याने चित्राचा सरसासारखा थर काचेला चिकटतो. चौकट उघडून चित्र ओढले की चेहरा काचेवर राहतो आणि कागद हाती येतो. अशी तसबीर ओढू नये, सुरी घालू नये, वाफ देऊ नये. काचेसकट जाणत्याकडे न्यावी आणि काचेतूनच टिपून घ्यावी.

निगेटिव्हचेही तसेच. साध्या स्कॅनरवर त्या होत नाहीत, कारण त्यांच्या आरपार उजेड जावा लागतो. काचेच्या निगेटिव्ह कोणाकडे असतील तर त्या एकमेकींवर रचू नयेत, उभ्या ठेवाव्या. फिल्मच्या पट्ट्यांना आंबूस, शिरक्यासारखा वास येत असेल तर त्या कुजू लागल्या आहेत असे समजावे. त्या इतरांपासून वेगळ्या करून प्रथम त्यांचे काम करवून घ्यावे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील चिकट पानांचे अल्बम हाही एक शत्रूच. त्यांतील चित्र सहज सुटले तर ठीक. न सुटले तर सबंध पानच स्कॅन करावे. त्याच काळची रंगीत चित्रे तांबूस होत चालली आहेत, कारण त्या कागदातील निळसर रंग आधी उडतो. काळ्या-पांढऱ्या आजीपेक्षा रंगीत नातीचे चित्र आधी नाहीसे होईल, ही गोष्ट पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही.

जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रांवरही पिवळे-तपकिरी डाग पडतात. त्याचे एक कारण आपल्या भागास नीट समजेल. चित्र रसायनातून काढल्यावर वाहत्या पाण्यात पुष्कळ वेळ धुवावे लागे. धुणे कमी पडले तर मागे राहिलेले रसायन वर्षानुवर्षे चित्र खात राहते. जेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी घागरीने मोजावे लागे तेथे फोटो धुण्यात काटकसर होणारच. असे डाग ओल्या फडक्याने पुसावयाचे नसतात, हे मात्र आवर्जून सांगते. डागासह चित्र चालेल, पुसलेले चित्र चालणार नाही.

कारागिराकडे दिले म्हणजे जबाबदारी संपली, असे दुसऱ्या पक्षाने समजू नये. कलकत्त्याची बोर्न अँड शेफर्ड ही पेढी देशातील अत्यंत जुन्या आणि नामांकित स्टुडिओंपैकी होती. १९९१ च्या फेब्रुवारीत तेथे आग लागली आणि पिढ्यांपिढ्यांच्या निगेटिव्ह जळाल्या. २०१६ साली पेढीच बंद झाली. एवढ्या मोठ्या घराण्याची ही गत, तर गावच्या दुकानाची काय कथा? तालुक्याच्या गावचे कित्येक जुने स्टुडिओ आज झेरॉक्सची आणि मोबाईलची दुकाने झाली आहेत. म्हणून चित्रे कारागिराकडे पाठवू नयेत. कारागिरास चित्रांकडे बोलवावे. मंडळाच्या सभागृहात एक दिवस त्याने आपला स्टँड आणि दिवे घेऊन यावे, चित्रे आपल्या भगिनींनी हाती द्यावी, टिपून झाली की तत्काळ परत घ्यावी. मोठी, चिकटलेली आणि काचेची चित्रे एका दिवसात होतील आणि घराबाहेर रात्रभर काही राहणार नाही. बोलवावयाचेच तर एखादी महिला छायाचित्रकार मिळते का हेही पाहावे. ज्या घरांतील वृद्ध बायका आपली ट्रंक पुरुषासमोर उघडण्यास आजही संकोचतात, तेथे १८९२ सालच्या हैदराबादची युक्ती उपयोगी पडेल.

कारागिराला एक अट मात्र घालावी. चित्र आहे तसे द्यावे. सुधारून देणे असल्यास ते निराळे द्यावे. चित्र सुधारण्याची खोड जुनीच आहे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालविणारे आणि ब्रशाने गाल गुलाबी करणारे कारागीर शंभर वर्षांपूर्वीही होते. परंतु त्यांच्या हाताखाली मूळ चेहरा शिल्लक राही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अंधुक चेहरा क्षणार्धात स्पष्ट करून मिळतो, आणि तो स्पष्ट झालेला चेहरा पुष्कळदा कोणाचाच नसतो. यंत्राने हजारो चेहरे पाहून नाक असे असेल, डोळे असे असतील अशी अटकळ बांधलेली असते. आजीच्या नऊवारीला तिने कधी न नेसलेला रंग येतो. घरच्यांना ते चित्र आवडते, भिंतीवर लागते, आणि पुढच्या पिढीला तीच आजी वाटते! हौस म्हणून असे एखादे चित्र करावे, त्याला माझी ना नाही. पण ते मूळ चित्राच्या जागी बसू नये.

आता जे काम कोणताही कारागीर, कितीही पैसे दिले तरी, करू शकणार नाही त्याविषयी. ते काम नावांचे.

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले एक छायाचित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत : हिंदुस्थानच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. हे चित्र तेथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. फोटो तर त्या काळी असंख्य निघाले. परंतु या चित्राखाली तिघींची नावे आणि गावे लिहिलेली आहेत. लिहिणाऱ्याकडून स्पेलिंगचा घोटाळा झाला आहे, पण नाव आहे म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण त्या तिघींना ओळखतो. नाव नसते तर ते तीन परदेशी बायकांचे एक गमतीचे चित्र म्हणून राहिले असते.

आणि हेही ध्यानात घ्यावे की, आनंदीबाई या जन्माने आनंदी नव्हत्या. १८६५ साली जन्मलेल्या त्या मुलीचे माहेरचे नाव यमुना. लग्नात नाव बदलले. आपल्याकडील किती जणींची हीच कथा! माहेरच्या अल्बममध्ये एक नाव, सासरच्या अल्बममध्ये दुसरे, आणि नातवंडांना त्या दोन निरनिराळ्या बायका वाटतात. पुरुषाचे नाव चित्रामागे सापडते, हुद्द्यासकट सापडते, बाईच्या जागी "सौ." एवढेच असते, किंवा तेही नसते. आपल्या एका सभासद भगिनींच्या ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंकडे आम्ही चित्रांची ओळख पटविण्यास गेलो होतो. सर्वांची नावे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माह्यंबी नाव लिहजो बाई, नुसती पाटलाची सून नोको लिहू." स्कॅनर चांगला की स्टुडिओ चांगला, यावर आम्ही जितकी चर्चा केली होती ती सगळी त्या एका वाक्यापुढे फिकी पडली.

तेव्हा माझे मत विचाराल तर क्रम असा असावा. आधी नावे, मग चित्रे. चित्र वृद्ध बाईंच्या हाती द्यावे, त्या बोलत असता मोबाईलवर आवाज मुद्रित करावा, आणि मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, मागे कडेला लिहावे. बॉलपेनने मुळीच लिहू नये. त्याचा उठाव समोर चेहऱ्यावर उमटतो. नाव लिहिताना माहेरचे व सासरचे दोन्ही लिहावे, गाव लिहावे, वर्ष ठाऊक नसल्यास "रमेशच्या मुंजीच्या आधी" असे लिहिले तरी चालेल. स्कॅन केलेल्या फाइलीलाही तेच नाव द्यावे. यंत्र आपोआप जो लांबलचक आकडा देते त्यावरून पुढे कोणालाही काही सापडत नाही.

उतरवून झालेल्या प्रती एकाच जागी ठेवू नयेत. २०२३ च्या जुलैत आपल्या जिल्ह्यात पुराचे पाणी घरांत शिरले तेव्हा कपाटे आणि त्यांतील वस्तू भिजावयास किती वेळ लागला हे पुष्कळांनी पाहिले आहे. जाणकार सांगतात, तीन प्रती असाव्या, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. आपल्याला हे शिकविण्याची गरज नाही. एक प्रत सासरी, एक माहेरी आणि एक मंडळाच्या कपाटात, एवढे केले की झाले. जुन्या सीडींवर जे काही साठविले असेल ते मात्र याच वर्षी दुसरीकडे उतरवून घ्यावे. त्या सीडी वाचता येतील याचा भरवसा धरता येत नाही.

येत्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी सभागृहात स्कॅनरचे काम चालेल. सुटी चित्रे त्या वेळी आणावी. मोठी, चौकटीतील आणि काचेची चित्रे आणू नयेत, फक्त त्यांची नोंद द्यावी. कारागीर येण्याचा दिवस ठरला की कळविण्यात येईल.

या अंकात छापलेल्या मंडळाच्या समूह-फोटोतील सतरा जणींपैकी बारा जणींची नावे लागली आहेत. मागच्या रांगेतील डावीकडून दुसऱ्या व पाचव्या, मधल्या रांगेत कडेवर मूल घेतलेल्या, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या दोघी मुली, या पाच जणींची ओळख पटावयाची आहे. कडेवर मूल घेतलेल्या बाईंच्या गळ्यात तीन पदरी एकदाणी आहे आणि हातात घडी केलेले एक वर्तमानपत्र आहे. कोणास त्या ओळखू आल्यास चिटणीसांना कळवावे. माहेरचे नाव ठाऊक असल्यास तेही कळवावे.